फुटक्या कपांची वेल

सासऱ्यांनी घराच्या भिंतींवर फुटक्या कपबश्यांचे तुकडे बसवून वेलबुट्टी काढली होती आणि ती बघायला देशोदेशीचे पर्यटक येत. देवळात उभं राहावं तसे ते स्वयंपाकघरात भारावून उभे राहत आणि सून त्यांच्यातून वाट काढत कुकर उतरवी. बारा वर्षं ते तुकडे ओल्या फडक्याने पुसून पुसून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. सासूबाईंना तर तिने फक्त फोटोतच पाहिलेलं, हाताखाली दुसरं कोणी नाही.

"बाबा, निदान स्वयंपाकघराची भिंत तरी मला साधी करून घेऊ द्या," असं म्हणत शेवटी तिने गवंडी बोलावला.

गवंड्याने माल कालवला, थापी उचलली आणि तो भिंतीपुढे थबकला.

"आजोबा, काय हात आहे हो तुमचा! कुठे शिकलात ही कला?"

"कला कसली आलीय," सासरे स्टुलावर टेकत म्हणाले.

"मग एवढे कप फोडलेत तरी कशाला?" सून करवादली. "घरात दोन कप एकसारखे सापडतील तर शपथ!"

 

"मी नाही गं फोडले. तुझ्या सासूचे हात थरथरायला लागले होते. रोज काहीतरी निसटायचं आणि ती रडत बसायची. मग मीच म्हणायला लागलो, फोड गं बिनधास्त, माझी वेल अर्धीच राहिलीय."