हिरव्या शाईतली उत्तरे

पर्यवेक्षकांनी हिरव्या शाईची बाटली उचलली आणि बेसिनमध्ये उपडी केली. नळ सोडला. हिरवा रंग फिका होत होत निघून गेला.

"त्याच्या नावाने आजपासून इथून एक अक्षरही जाणार नाही," ते म्हणाले. "बाई, सहीचा शिक्का द्या. त्याचं नाव छापलेले कागदही द्या."

तिने शिक्का दिला. कागद दिले. सात वर्षे ती त्या शाईने लिहीत आली होती.

चार तरुण गायकांचा तो समूह होता. त्यांना येणाऱ्या चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी या खोलीत चार मेजे होती, चार लेखनिका होत्या आणि चार रंगांच्या शाया होत्या. गायक स्वहस्ते लिहितो, असा चाहत्यांचा समज अखंड राहावा, म्हणून या कामाविषयी घरीही बोलायचे नाही अशी अट होती. हिरवी शाई सर्वांत लाडक्या गायकाची. खोलीत त्याला सगळ्या 'हिरवा' म्हणत. त्याच्या एकट्याच्या पत्रांची रोज तीन पोती येत; उरलेल्या तिघांची मिळून एक पिशवीही भरत नसे. काल सायंकाळी त्याने समूह सोडला होता.

"तुमचा तर भरला संसार मोडला हो," लाल शाईवाली म्हणाली. "आमचं बरं आहे. आमच्याला मुळी कुणी विचारतच नव्हतं."

"हसून घे," निळ्या शाईची वयस्क लेखनिका म्हणाली. "त्या एकट्याच्या जिवावर या खोलीतल्या सगळ्यांची चूल पेटत होती. महिनाअखेरीला आपणही घरीच."

तिसऱ्या दिवशीच्या पोत्यातून हिरव्या शाईच्या लेखनिकेने एक पाकीट वेगळे काढले. ते अक्षर तिने हजारांत ओळखले असते. ते तिच्या मुलीचे होते.

घरात दोघीच होत्या. आई कुठल्याशा छापखान्यात कामाला जाते, एवढेच मुलीला ठाऊक होते. आईशी ती मोजके बोले. हिरव्याला मात्र आठ-आठ पाने लिही. पहिल्या पत्राचे उत्तर आईने तीनदा फाडून पुन्हा लिहिले होते. मग हात सरावला. आईच्या तोंडून जे टोचले असते, ते हिरव्या शाईत गोड लागे. केस कापू नकोस. त्या मैत्रिणीच्या नादी लागू नकोस. खोकला थांबला का? खिडकी लावून निजत जा. मुलगी सारे ऐके. मागल्या वर्षी दूरच्या शहरातल्या महाविद्यालयात तिला जागा मिळाली होती, तेव्हा हिरव्याने लिहिले होते, "आपल्या माणसांना सोडून मिळवलेले यश पोकळ असते. मी माझ्या तिघांना कधी सोडणार नाही." मुलीने जागा सोडली होती.

या वेळचे पत्र चार ओळींचे होते. "तुम्ही मला थांबवलंत आणि स्वतः निघून गेलात. माझी जागा या वर्षीही आहे. मी जाऊ नये असं वाटत असेल, तर शुक्रवारपर्यंत कळवा. नाहीतर मी जाते."

ती पर्यवेक्षकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"एकच उत्तर लिहायचं आहे, साहेब. शेवटचं."

"एकेक करतच तीन पोती होतात, बाई." त्यांनी छापील कार्डांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. "प्रत्येकाला हेच जाईल. वर हाताने काही लिहायचं नाही."

कार्डावर तीन वाक्ये होती. आमचा सहकारी स्वेच्छेने गेला आहे. जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही. त्याचे कल्याण होवो.

तिने एक कार्ड पाकिटात घातले आणि त्यावर आपल्याच घराचा पत्ता लिहिला.

गुरुवारी जेवताना मुलीने मान वर केली.

"आई, तुला मला काही सांगायचंय का?"

"मला काय सांगायचं असणार?"

"माझ्याबद्दल. पुढे मी काय करावं, याबद्दल."

त्या जागेविषयी मुलीने घरात चकार शब्द काढलेला नव्हता. जाऊ नकोस म्हणायचे, तर ती जाणार हे आपल्याला कसे कळले, तेही सांगावे लागले असते. सात वर्षे दुसऱ्याच्या नावाने बोललेल्या त्या स्त्रीला स्वतःच्या नावाने बोलण्यासाठी एकही वाक्य सापडले नाही.

"मीठ बरोबर पडलंय ना?" तिने विचारले.

मुलीने ताट बाजूला सारले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तुझं सगळं अगदी बरोबर असतं."

शुक्रवारी कार्ड आले. मुलीने ते उभ्याउभ्याच मोठ्याने वाचले. "जाणाऱ्याला अडवत नाहीत म्हणे," ती म्हणाली. शनिवारी सकाळी ती बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर पडली. आईने विचारले, "कुठे?" ती म्हणाली, "शिकायला." तिने मागे वळून पाहिले नाही. आईने दार लावून घेतले आणि मनोमन त्या पळपुट्या गायकाला शिव्याशाप दिले. त्याने दगा दिला नसता, तर तिची पोर घरात राहिली असती.

सोमवारी पोते एकच आले. पत्रे बहुतेक शिव्यांची होती. तळाशी ओळखीच्या अक्षरातले एक पाकीट होते. वर हिरव्याचे नाव होते. तिने ते फोडले. पोरीला पश्चात्ताप झाला असावा, अशी तिला आशा वाटली.

कागदावर एकच ओळ होती.

"आई, खोकल्याचं मी त्याला कधीच लिहिलं नव्हतं."