निखळणारी शिडी

माळ्याची शिडी पुन्हा निखळली. बाबा जन्मभर कारखान्यात फिटर. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी चढउतार बंद केली, तरी माळ्यावर जायचा त्यांचा हट्ट काही सुटेना. ते पायऱ्यांचे नट आवळायचे आणि त्यांची पाठ वळली की आई ते सोडून एखादी पायरी काढून ठेवायची. मी एकदा तिला पकडलंच.

"शिडी मोडलेली असली की ते जमिनीवर तरी असतात," ती कुजबुजली. "सांगू नकोस त्यांना."

आज बाबांनी शिडी जोडून भिंतीला लावली. मी सहज एक नट चाचपला, तर तो नुसत्या बोटांनी फिरला. दुसराही तसाच.

"बाबा, जीव जाईल एखाद्याचा. आणा तो पाना इकडे, मी गच्च आवळतो."

त्यांनी पाना सोडला नाही. स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.



"राहू दे. तुझ्या आईच्या बोटांत आता जोर राहिला नाही."