नाव सांगण्यास नकार

"विचार तिला, माझ्या बापाचं नाव काय?" एलेना इंग्रजीत ओरडली.

नेत्रानं मान खाली घातली. ती रत्नागिरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची आणि आज दुभाषी म्हणून एलेनाबरोबर वेळणेश्वरला आली होती. समोर पडवीत सत्तरी उलटलेल्या आवडाबाई बसल्या होत्या. अशा बाईला असला प्रश्न विचारायचं नेत्राच्या अगदी जिवावर आलं होतं.

एलेनाच्या हातात पन्नास वर्षांपूर्वीचा कागद होता. 'आई : आवडा, राहणार वेळणेश्वर. आईने मुलीच्या बापाचे नाव सांगण्यास नकार दिला. सबब मूल आश्रमाच्या ताब्यात.' खाली अंगठा. त्या एका ओळीवर मूल बेवारशी ठरलं आणि इटलीत दत्तक गेलं.

तिकडे एलेनाला काही कमी पडलं नाही. ज्या घरानं वाढवलं, त्या घराचा इतिहास तिनं सहा वर्षं खपून शोधला. पप्पांचे आजोबासुद्धा टाकलेलं पोर निघाले. तिकडे पूर्वी अनाथालयाच्या भिंतीत फिरती पेटी असे. बाहेरून मूल ठेवायचं, पेटी फिरवायची आणि तोंड न दाखवता चालू पडायचं. त्या बाळाच्या गळ्यात अर्धं नाणं होतं. उरलेलं अर्धं आईनं स्वतःजवळ ठेवलेलं, कधीतरी ओळख पटवून मूल परत न्यायला. त्या बाईला एलेनानं केव्हाच माफ करून टाकलं होतं. स्वतःच्या आईला मात्र नाही. हिनं साधा दोरासुद्धा बांधला नव्हता आणि वर बापाचं नाव लपवलं होतं.

नेत्रानं कागद वाचून दाखवला. आवडाबाईंच्या कपाळावरची शीर तटतटली.

"मुडद्यांनी माझा पोर मेला म्हनून सांगितलानी!" त्यांचा आवाज चिरकला. "रत्नागिरीच्या बाजारात माशांची पाटी घेऊन बसलेली मी. थितंच कळा आल्या. संगती घरचा कोन नाय. कोन कुठली मानसं, त्यांनी उचलून दवाखान्यात नेलानी. मग आठ दिस तापानं फणफणलेली. शुद्धीवर आले तर पाळना रिकामा. घरी जायचा कागद हाय म्हनून अंगठा घेतलानी."

नेत्रानं इंग्रजीत सांगितलं. एलेनानं कागद बाजूला ठेवला. पण राग इतक्या वर्षांचा होता, तो असा एका दमात कुठला उतरतोय? मूल मेलं म्हणून हिला फसवलं असेल. अंगठाही फसवून घेतला असेल. पण नकार? तो तर हिनंच दिला ना?

"मावशी," नेत्रानं विचारलं, "बाळाच्या वडलांचं नाव विचारलं होतं का हो तुम्हाला?"

"चार वेळा इचारलानी. मी नाय सांगितला."

हे कळल्याबरोबर एलेनानं बाकावर मूठ आपटली. "मग आता सांग म्हणावं! कोण होता तो? कुणाची अब्रू राखत बसलीयेस अजून? त्या एका नावापायी माझी आई गेली!"

या वेळी नेत्रानं एकही शब्द गाळला नाही. आता तिलाही चीड आली होती. मसणात गोवऱ्या गेल्या, तरी ही म्हातारी अजून कुणाला पाठीशी घालतेय?

आवडाबाई दोघींकडे बघत राहिल्या. या शिकल्यासवरल्या बायांना एवढंही कळू नये, याचाच त्यांना संताप आला. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागच्या दाराकडे तोंड करून ओरडल्या,

"अवो, आयकलाव काय? भायेर या! आपली लेक जित्ती हाय. तुमचा नाव इचारतेय."