डिस्क फिरली की

‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा काळा पडला.

“सातव्यांदा,” दुरुस्तीवाला म्हणाला. “बाकी गडी ठणठणीत आहे हो ताई. डिस्क फिरली की मान टाकतो.”

मुलगी समोरच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आईला जाऊन अडीच महिने झाले होते. या अडीच महिन्यांत कोणी काही बोललं, की ते तिच्यापर्यंत जरा उशिराच पोचायचं.

डिस्क रुग्णालयाची होती. आईच्या पोटाचा स्कॅन. पाकिटावर आईचं नाव, वय, मागच्या वर्षीची तारीख. आई एकटीच जाऊन घेऊन आली होती. ते रुग्णालय तिला पाठ होतं; मावशीचं शेवटचं वर्ष तिनेच तिथल्या बाकांवर काढलं होतं. “मला नाही हं उपचारांनी असं पिळून घ्यायचं,” असं ती तेव्हा म्हणाली होती. “गप गं,” मुलगी म्हणाली होती.

“कागद देत नाहीत हल्ली, सगळं यातच असतं,” असं म्हणून आईने डिस्क पुढे केली. मुलीने रविवारी ती लावली. टक्. कॉम्प्युटर बंद पडला, आपोआप सुरू झाला, पुन्हा टक्. गाण्यांची जुनी डिस्क लावली तरी तेच.

“तुझ्या कॉम्प्युटरला माझं आतलं बघवत नाही बाई,” आई म्हणाली. दोघी हसल्या.

संध्याकाळी कॉम्प्युटरला पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकलेली होती. ‘डिस्क लावू नये. दुरुस्ती बाकी.’ खाली तारीख. आईची एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही घरातल्या गळक्या नळाला तिची चिठ्ठी असायचीच. ‘थेंब गळतो. वॉशर आणणे.’ मुलगी चिडवायची. “चिठ्ठीशिवाय तार सोडायची नसते,” आई म्हणायची. “पुढच्या पाळीच्या माणसाने काय समजायचं?”

पुढच्या रविवारी दुकानात नेते, असं मुलीने कबूल केलं. असे चौतीस रविवार गेले.

मग आईला चालवेना. डॉक्टरांनी नवा स्कॅन पाहिला, जुनी डिस्क मागून घेतली, तीही पाहिली. “हे तर यातही दिसतंय. तेव्हाच आला असतात तर...” असं म्हणून ते थांबले. आई खिडकीबाहेर बघत होती. ते वाक्य मुलगी तेव्हापासून रोज पुरं करत होती.

“माझ्या मशीनवर लावून देऊ का डिस्क?” दुरुस्तीवाल्याने विचारलं. “लगेच दिसेल.”

“नको. त्यात काय आहे ते मला माहीत आहे.”

“मग?”

“हा का बंद पडतो, तेवढं सांगा. आणि तेव्हाच आणला असता तर किती वेळाचं काम होतं, ते.”

दुरुस्तीवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर त्याने विनोद केला नाही. ड्राइव्ह बदलून झाला होता, मेमरी बदलून झाली होती. आता त्याने पलीकडचं झाकणही काढलं आणि ड्राइव्हला वीज नेणारी तार बोटाने चाचपत मागे मागे गेला. एका जागी बोट थांबलं. बॅटरी तोंडात धरून तो बराच वेळ वाकून राहिला.

“ताई, हा बिघाड नाही,” तो म्हणाला. “हे कुणीतरी बसवलंय.”

त्याने पेटी तिच्याकडे वळवली. ड्राइव्हच्या कप्प्यामागे, सहज दिसणार नाही अशा जागी, काड्यापेटीपेक्षा लहान डबी होती.

“रिले आहे, विजेने दाबलं जाणारं बटणच म्हणा. डिस्क फिरायला लागली की मोटर वीज ओढते, ती वीज यातून जाते. हा टक् करतो आणि रीसेटच्या दोन तारा एकमेकींना लागतात. आतल्या आत कुणी बटण दाबावं, तसं. आणि बाकी कशालाही धक्का नाही. बांधणी तरी बघा! हल्ली कोण करतं असं काम?”

मुलीने बांधणी पाहिली. मेण लावलेला दोरा. बोटबोट अंतरावर एकेक गाठ, सगळ्या गाठी एकाच अंगाला. शाळेत जाताना तिच्या वेण्या याच गाठीने बांधलेल्या असत. दिवसभर सुटायच्या नाहीत.

“किती वेळाचं काम?” तिने विचारलं.

“दहा मिनिटं. एक तार कापायची.” त्याने पक्कड उचलली आणि मध्येच थांबला. “थांबा, इथे काहीतरी लटकतंय.”

दोऱ्याच्या शेवटच्या गाठीला पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्याने तो उलटा करून उजेडात धरला. त्यावर तारीख होती, डिस्कच्या पाकिटावरच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची. खाली आईचं बारीक, सरळ अक्षर.

‘तात्पुरती जोडणी. माझं काम संपल्यावर काढणे.’