पाकिटातलं मूळ

सिरॅमिकचं, आतून बारीक धागे विणलेलं आणि स्पंजासारखं सच्छिद्र असं दाताचं मूळ ताईने स्वतः घडवलं होतं. छिद्रांत हाड शिरलं की ते जबड्यात पक्कं बसणार, याची तिला इतकी खात्री होती की पहिलं मूळ तिने सख्ख्या मावशीच्याच तोंडात बसवायला लावलं. बसवणारा होता तिचा दंतवैद्य भाऊ.

चार महिन्यांनी आज एक्स-रे काढला. एकूण एक छिद्र भरलं होतं.

"मानलं तुला, ताई!" भाऊ म्हणाला. "आता शेजारी ठेवून बघायला एक कोरं मूळ दे."

मावशीला खुर्चीतच बसवून दोघं पलीकडच्या खोलीत गेले. मावशीच्या मुळासोबत त्याच दिवशी भट्टीतून काढलेलं दुसरं मूळ तिथे सीलबंद होतं. ताईने स्वतःच्या हाताने पाकीट फोडलं.

भावाने त्याचा एक्स-रे काढून पडद्यावर आणला. याचीही छिद्रं भरली होती.

"काहीतरीच! धूळबीळ असेल," म्हणत ताईने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आत हाड होतं. ओलसर, ताजं.

"कुणाच्या तोंडात होतं हे?" भावाने हळूच विचारलं.

"कुणाच्याच नाही," ती ठामपणे म्हणाली आणि हाड कितपत घट्ट आहे ते पाहायला तिने चिमट्याच्या टोकाने मुळावर तीनदा टकटक केलं.

पलीकडून मावशीचा वैतागलेला आवाज आला.

"अगं, पुरे की आता! तीनदा ठोकलंस, अजून किती ठोकणार माझ्या दातावर?"