गटाचा नियम

हर्सूलच्या दहा बायकांनी गट करून कर्ज काढलं होतं. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नऊजणींनी भरायचा, हा नियम. सोनियाचा चुकला, तशा सगळ्या तिच्या दारात येऊन बसल्या.

"सिडकोतल्या मॅडमकडं शिलाईचे दोन हजार अडकलेत, अक्का. दिवाळीनंतर देते म्हणल्या."

"आपल्यासाठी कोण थांबतंय गं दिवाळीपर्यंत?" द्वारकाबाई मान खाली घालूनच म्हणाली. तिच्या लेकीच्या बाळंतपणात हीच सोनिया धावून आली होती.

शेवटी शिलाई मशीन विकायचं ठरलं. सोनियानं सुईखालचं मॅडमचं अर्धवट ब्लाऊज काढून घेतलं आणि मशीन उचलायला स्वतःच हात लावला. "सांभाळून न्या. लई जड हाय."

पुढच्या मंगळवारी हप्ता पुन्हा आला. सोनियाकडं आता कमवायलाच काही उरलं नव्हतं, म्हणून तिचा भार नऊजणींवर पडला. द्वारकाबाईकडं स्वतःच्या हप्त्यापुरतेच पैसे होते. गल्लीच्या तोंडाशी बायका दिसल्या, तशी कुणी काही म्हणायच्या आत तिनं गॅसची टाकी ओढत आणून उंबऱ्याबाहेर ठेवली.