भाच्याचा पेला

मावुंगू भाच्याला रेल्वेच्या कामावर सोडायला कांगो नदीच्या धक्क्यावर पोचला, तेव्हा नेमका कामाचा मुहूर्त चालला होता. गोऱ्या साहेबांनी पहिल्या रुळाभोवती उभं राहून दारूचे पेले रिकामे केले आणि त्याच रुळावर आपटून फोडले. बँड वाजू लागला.

मावुंगूच्या गावात माणूस गेला, की तो शेवटचं ज्यातून प्याला ते भांडं फोडून त्याच्या कबरीवर ठेवत.

"हे कोणासाठी फोडलं?" त्याने शेजारी उभ्या दुभाष्याला हळूच विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? शकुन असतो त्यांचा. काम तडीस जावं म्हणून."

"आणि कबर कुठंय?"

दुभाष्या हसला. "काहीही काय विचारता, बाबा. आज सुरुवात आहे. इथं कबर कुठनं येणार?"

मावुंगूला पुढचं ऐकायचंच नव्हतं. पोराला असंच्या असं घरी न्यायचं ठरवून तो भरतीच्या रांगेकडे धावला. भाचा लुवुंबू समोरूनच येत होता, खुशीत, हातात चिनी मातीचा कोरा पांढरा पेला घेऊन.

"मामा, हा बघ. प्रत्येकाला एकेक दिलाय. काम संपेपर्यंत आपल्याजवळच ठेवायचा म्हणे."

"आण इकडे, परत देऊन येतो. यातून अजून प्याला नाहीस ना?"

"आत्ताच प्यालो की," लुवुंबू म्हणाला. "आम्ही सगळेच."